शेजारी बसणाऱ्याने काय बोलावे

गाडी शिकणाऱ्याच्या शेजारी परवाना असलेला माणूस बसलेला पाहिजे, असा कायदा आहे. कायदा चांगला आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तो करणाऱ्यांनी सासरा आणि सून यांचा विचार केलेला दिसत नाही. आम्हाला शेजारी बसणारा एक माणूस पुरत नव्हता. दोन लागत होते. एक शिकवायला, आणि दुसरा ते शिकवलेलं सुनेच्या कानापर्यंत पोचवायला.

जरा उलगडून सांगतो. मी आणि माझी सून पल्लवी एकमेकांशी थेट बोलत नसू. भांडण नव्हतं. आमच्यात तशी रीतच आहे. मी जेवायला बसलो की माझ्या बायकोला, शारदाला, म्हणायचो, "पल्लवीला म्हनावं, भाकर बास." पल्लवी तिथंच भाकरी घेऊन उभी असायची. शारदा मान वळवून सांगायची, "बास म्हनायलेत." पल्लवी म्हणायची, "आत्याबाई, अर्धी तरी घ्या म्हनावं मामांना." शारदा माझ्याकडे बघायची आणि अर्धी भाकर ताटात पडायची. माझे वडील शारदाशी असेच बोलत. यात कुणाला कमीपणा नव्हता, उलट मान होता. पल्लवी विज्ञानाची शिक्षिका आहे, भरल्या वर्गात खणखणीत बोलते. पण माझ्यासमोर तिचा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर येत नसे.

मग शारदा गेली. दीड वर्ष होऊन गेलं. ती गेल्यावर कळलं की घरातलं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालत होतं. आम्ही दोघं दोन खोल्यांत गप्प बसून राहिलो. चहा यायचा, टेबलावर कप ठेवल्याचा आवाज यायचा, बास. मुलगा हरिओम हैदराबादला औषधाच्या कंपनीत, महिन्यातून दोनदा येतो. नात विजयश्री पहिलीत. तिच्याजवळ निरोप दिला तर तो अंगण ओलांडायच्या आत हरवायचा.

अशात पल्लवीची बदली कोहिनूर गावच्या शाळेत झाली. आम्ही राहतो बसवकल्याणला. सकाळची पहिली बस पोचते तेव्हा शाळेचं कुलूप उघडलेलं नसतं आणि दुसरी पोचते तेव्हा पहिला तास संपलेला असतो. तिथलेच एक मास्तर तिला आपल्या गाडीतून नेत होते, पण ते मे महिन्यात निवृत्त होणार होते. मीच रोज नेऊन आणलं असतं, पण या वयात रोज चार फेऱ्या नकोत, असं हरिओमचं म्हणणं. म्हणजे जूनपासून कोहिनूरला खोली करणं आलं. आई गेली की विजयश्रीही जाणार. मग एवढ्या घरात मी आणि टीव्ही.

हरिओमनं फोनवर विचारलं, "अण्णा, चालंल ना?"

"न चालायला काय झालं?" मी म्हणालो.

फोन ठेवला आणि बाहेर जाऊन गाडी धुतली. गाडी आदल्या दिवशीच धुतली होती. खिडकीतून पल्लवी बघत होती, हे मला दिसलं. पण त्यावर काय बोलायचं आणि कुणामार्फत?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या लक्ष्मम्मा गच्चीवरून ओरडल्या, "श्रीपतण्णा! तुमची सून गाडी शिकते म्हनायली! तुमी शिकवता का इचारायली!"

लक्ष्मम्मांचा आवाज मोठा आहे. गल्लीतली सगळी माणसं दारात येऊन माझ्या उत्तराची वाट बघू लागली. मी हातातला पेपर खाली ठेवला.

"व्हय म्हनावं," मी म्हणालो.

गावात गाडी शिकवायचा क्लास आहे. पण क्लासच्या वेळेला पल्लवीची शाळा. आणि दुसरं म्हणजे मी आयुष्यभर पाइप आणि मोटारींचं दुकान चालवलं. जीपमध्ये पाइप टाकून या दोन जिल्ह्यांतला एक रस्ता सोडला नाही. मादन हिप्परग्याच्या एका विहिरीवर तर चिखलातून जीप अशी काढली होती की बघायला माणसं जमली होती. असा माणूस घरात असताना बाहेर शिकायला जायचं म्हणजे माझ्या तोंडावर मारल्यासारखंच होतं.

गल्लीनं सल्ले द्यायला सुरुवात केली. लक्ष्मम्मांचे यजमान जगदेवप्पा यांत सगळ्यांत पुढे. त्यांनी गल्लीतल्या निम्म्या पोरांना गाडी शिकवली, असं ते स्वतः सांगतात.

"अण्णा, गाडी शिकायची म्हंजे पयलं काय करायचं? भीती काढायची."

"कशाची?"

"तुमची," ते म्हणाले.

मला ते लागलं. मी कुणाला भीती दाखवली नाही. मी तर कुणाशी बोलतच नव्हतो.

रविवारी सकाळी आम्ही मार्केट यार्डात गेलो. पल्लवी चालवायच्या जागेवर, डोक्यावरचा पदर सीटबेल्टखाली सापडलेला. मी डावीकडे. मागच्या सीटवर मधोमध लक्ष्मम्मा. त्यांना मीच विनंती केली होती. शिकवायचं तर मधे कुणी पाहिजे, आणि त्या पल्लवीला लेकीसारखं मानतात.

"लक्ष्मम्मा, क्लच दाबून पयला गिअर टाक म्हनावं," मी म्हणालो.

"पल्लवी, क्लच दाबून पयला गेर टाक म्हनायलेत."

"टाकला म्हना," पल्लवी म्हणाली.

"टाकला म्हनायली."

"आता क्लच हळूहळू सोड म्हनावं."

"क्लच सोड म्हनायलेत."

'हळूहळू' हा शब्द मागच्या सीटवरच राहिला. गाडीनं उडी मारली, बंद पडली, परत चालू केली, परत उडी मारली, आणि तिसऱ्या उडीनंतर मात्र चालू लागली. समोर आडतीच्या दुकानापुढं रिकाम्या पोत्यांचा ढीग होता.

"ब्रेक म्हनावं!" मी म्हणालो.

"ब्रेक म्हनायलेत," लक्ष्मम्मा म्हणाल्या, "पन पल्लवी, मला इचारशील तर एकदम दाबू नकोस बग, मागं मी बसलेय, माझं गुडघं दुकायलंय."

हे वाक्य पूर्ण होईपर्यंत आम्ही पोत्यांत शिरलो होतो. कुणाला काही झालं नाही. पोती मऊ असतात. तिथं बसलेला एक हमाल उठून आला, खिडकीतून आत बघितलं, सगळा प्रकार त्याच्या ध्यानात आला असावा. तो लक्ष्मम्मांना म्हणाला, "अक्का, आता मागं घ्या म्हनावं त्यास्नी." जागा बदलून गाडी मागं मी घेतली.

तरीही ही व्यवस्था काही दिवस टिकली. लक्ष्मम्मांना ती फार आवडली. पुढं पुढं त्या माझ्या नावानं स्वतःच्या सूचना देऊ लागल्या. "पल्लवी, गिरनीपाशी थांब म्हनायलेत." मी असं म्हणालो नव्हतो. पण गिरणीपाशी गाडी थांबायची, लक्ष्मम्मा उतरून पीठ घेऊन यायच्या, आणि पल्लवीला रस्त्याच्या कडेला गाडी लावायचा सराव व्हायचा, हे मान्य केलं पाहिजे.

या सगळ्यावर बोट ठेवलं ते गुरुपादय्या यांनी. ते आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देतात. कायद्याचा विषय निघाला की चष्मा काढून हातात धरतात. आम्ही समोरून जाताना त्यांनी हात केला.

"श्रीपतराव, मागं कोन बसलंय?"

"शेजारीन."

"कामून?"

कामून ते मला सांगता येईना.

"शिकाऊ गाडीत शिकवनारा सोडून तिसरा मानूस चालत न्हाई," ते म्हणाले. "आन 'एल' कुटाय? पुढं पायजे, मागं पायजे. पांढऱ्यावर लाल. आन शिकवनारानं असं बसायचं की वेळ पडली तर त्याला गाडी थांबवता आली पायजे."

"तसाच बसलोय की."

"तुमी कशी थांबवनार? तुमच्या पायाखाली काय हाय?"

मी वाकून बघितलं. "पायपुसनं," मी म्हणालो.

गुरुपादय्यांनी बराच विचार केला. "मग हँडब्रेकवर हात ठेवा," ते म्हणाले.

लक्ष्मम्मांना ही बातमी सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी ती मनाला लावून घेतली आणि आठवडाभर त्यांच्या झाडाचा कढीपत्ता आमच्याकडे आला नाही.

आता गाडीत आम्ही दोघंच. यार्डाच्या पलीकडे कोहिनूरचा रस्ता लागतो, तिकडं जायला लागलो. पहिल्या दिवशी कुणीच काही बोललं नाही, पण गाडी अशी गप्प बसून शिकवता येत नाही. मग मी एक मार्ग काढला. मी समोरच्या काचेशी बोलू लागलो.

"समोर म्हैस हाय," मी काचेला सांगितलं.

"दिसायलीय," पल्लवी स्टिअरिंगला म्हणाली.

"म्हैस काय बाजूला व्हायची न्हाई, असं वाटायलंय."

"हॉर्न वाजवला तर?"

"म्हशीला हॉर्नचं काय?"

आम्ही थांबलो. म्हैस गेली. काम झालं, रीतही राहिली. म्हशीच्या मालकानं मात्र आमच्याकडे वळून वळून बघितलं. त्याला दोन माणसं बोलताना दिसत होती आणि कुणाचंही तोंड कुणाकडे नव्हतं.

हे असंच चालू राहिलं असतं, पण मधे हरभऱ्याचे दिवस आले. आमच्याकडे काढलेलं पीक डांबरी रस्त्यावर पसरून ठेवायची पद्धत आहे. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली ते आपोआप मळून निघतं, मळणीचं यंत्र आणायला नको. पल्लवी वाढली आळंद गावात, बाजारपेठेत. तिनं रस्त्यावर पसरलेला हरभरा बघितला आणि गाडी जागच्या जागी थांबवली. इतकी चांगली ती त्याआधी कधी थांबवली नव्हती.

कडेला झाडाखाली बसलेला शेतकरी पळत आला. मारोती त्याचं नाव. "थांबलाव कामून? चला की ताई!"

"अन्नावरनं गाडी कशी घालायची?" पल्लवी स्टिअरिंगला म्हणाली.

"त्याच्यासाठीच टाकलंय!" मारोती म्हणाला. "ट्रकनं दाना फुटतो. तुमची गाडी हलकी हाय. लई ब्येस. चला."

गाडी गेली. हरभरा कडकड वाजला. पलीकडे पोचल्यावर मारोती हातातला दाताळा उंच करून ओरडला, "आता मागं घ्या!"

मागं घ्यायचं पल्लवीला अजून मी शिकवलंच नव्हतं. पण मारोतीला ते कसं सांगणार? त्यानं दाताळ्यानं पेंढ्या चाकाच्या रेषेत ओढल्या आणि हातानं या, या, असं करू लागला. पल्लवीनं गाडी मागं घेतली. मग पुढं. मग मागं. मारोती आपला हरभरा हलवत राहिला आणि माझी सून उलटी गाडी चालवायला शिकत राहिली. आमच्या मागून आलेली एक जीप सुरुवातीला हॉर्न वाजवत होती, नंतर ड्रायव्हर उतरून कडेला विडी ओढत बघत बसला.

आणि मग एकदा मागं घेताना गाडी डावीकडे सरकली. डावीकडे खोल नाली होती. काचेला सांगायला वेळ नव्हता.

"पल्लवी!" मी ओरडलो. "थांब! ब्रेक दाब, ब्रेक!" आणि हँडब्रेक ओढला.

गाडी हिसका देऊन बंद पडली. चाक नालीच्या काठावर. पल्लवीचा पदर खांद्यावर आला होता. तिनं वळून सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

"दाबलाय की मामा! तुमी हँडब्रेक वढलाव म्हनून बंद पडली! एकदम वरडायलाव कामून? इतके दिवस काचेला सांगायलाव, आज कानात वरडायलाव. मधलं काई हाय का न्हाई?"

"मधलं म्हंजे काय?"

"मधलं म्हंजे साधं बोलनं!"

"साधं बोलायला मला कुटं येतंय?" मी म्हणालो. "ते तुझी आत्याबाई बघायची."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, कळलं नाही. शारदा गेल्यापासून तिचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नव्हतं. काढणार कुणाजवळ?

पल्लवीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत म्हणाली, "मला तरी कुटं येतंय."

खिडकीत मारोतीचं डोकं आलं. "बापलेकीचं भांडन घरी जाऊन करा की. पल्याडच्या कडंचं तेवढं राहिलंय."

सून सासऱ्याला असं बोलत नाही, त्यामुळे त्याचा तसा समज झाला, त्यात त्याची चूक नाही. आम्हीही दुरुस्ती केली नाही. पल्लवीनं डोळे पुसले आणि गाडी चालू केली.

"डावीकडं किती जागा हाय, मामा?"

"हातभर."

"मग सांगत राव्हा."

मी सांगत राहिलो. मारोतीची सगळी रास मळून झाली. त्यानं सूपभर हरभरा मागच्या सीटवर ओतला आणि उद्या पण या म्हणाला.

यानंतर आम्ही बोलायला लागलो आणि मला शिकवण्याचा भलता रंग चढला. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. सायकलवाला कसा ओळखायचा, टमटम कुठं थांबेल हे कसं सांगता येत नाही, उसाच्या ट्रॉलीच्या मागं का राहायचं नाही, बायका बोलत रस्ता ओलांडत असतील तर त्यातली कुठली आधी मागं फिरते. पल्लवी म्हणायची, "मामा, आता जरा गप बसा, मला गाडी चालवू द्या." हे ऐकून मला बरं वाटायचं. गप बसा असं ज्याला कुणी म्हणतं, तो बोलणारा माणूस असतो.

त्याच रंगात आम्ही एकदा भर चौकात आलो. तिथं हवालदार बसवप्रभु उभे होते. त्यांनी काठी आडवी केली.

"यजमानरे, मागचं 'एल' कुटाय?"

मी उतरून बघितलं. मागचं 'एल' नव्हतं. "हरभऱ्यात पडलं असंल," मी म्हणालो.

पल्लवीचा शिकाऊ परवाना त्यांनी बघितला, परत दिला. "आता तुमचं लायसन तोर्सरी, दाखवा."

मी ऐटीत काढून दिलं. देता देता जीपचा आणि मादन हिप्परग्याच्या चिखलाचा किस्सा थोडक्यात सांगितला. हवालदारांनी तो शांतपणे ऐकला. परवाना उन्हाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"यजमानरे," ते हळू आवाजात म्हणाले, "हे संपून वरीस उलटून गेलंय की."

मी त्यांच्या हातातून घेऊन बघितलं. खरं होतं. ती तारीख पडली तेव्हा मी याच गाडीतून शारदाला कलबुर्गीच्या दवाखान्यात नेत होतो आणि आणत होतो. जाताना ती मागं आडवी पडायची आणि म्हणायची, खड्डे बघून चालवा. त्या दिवसांत परवाना संपला हे मला कोण सांगणार? असल्या तारखा तिच्याच ध्यानात असायच्या. मी हे काही हवालदारांना सांगितलं नाही. पण पल्लवीनं तारीख बघितली आणि तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती म्हणाली, "साहेब, त्या टायमाला आमच्या आत्याबाई आजारी होत्या."

हवालदारांनी काठी खाली घेतली. "दंडाचं सोडा," ते म्हणाले. "पन आता अडचन अशी की या गाडीत शिकनारी हाय, शिकवनारा न्हाई."

"मग मी कोन?"

"तुमी प्यासेंजर. आन शिकाऊ गाडीत प्यासेंजर चालत न्हाई."

त्यांच्या म्हणण्यात तोड नव्हती. दोघांपैकी कुणीही गाडीला हात लावायचा नाही, आणि गाडी चौकातून काढायची, असं ठरलं. मी जगदेवप्पांना फोन केला. ते लगेच आले. ट्रॅक्टर घेऊन.

"ट्रॅक्टर कशाला? तुमी ही गाडी चालवत घरी न्या," मी म्हणालो.

जगदेवप्पा मला बाजूला घेऊन गेले. "अण्णा, माझं लायसन नुस्तं ट्रॅक्टरचं हाय."

"तुमी तर निम्म्या गल्लीला मोटार शिकवलाव!"

"शिकवायला लायसन कशाला..." असं ते म्हणाले, आणि हवालदारांकडे बघून थांबले.

दोर बांधला. मग नवा प्रश्न निघाला. ओढलेल्या गाडीचं स्टिअरिंग कुणी धरायचं? आणि धरलं तर ती गाडी चालवणं होतं का? जमलेल्या लोकांत यावर दोन तट पडले. शेवटी हवालदारांनी निर्णय दिला. "इंजन बंद असलं की ती गाडी न्हाई, ते वझं." तेव्हा पल्लवी त्या ओझ्याच्या स्टिअरिंगवर बसली. मला मात्र ओझ्यात बसायला परवानगी मिळाली नाही. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मागं तोंड करून बसलो.

अशी आमची मिरवणूक बाजारातून निघाली. दुकानांतून माणसं बाहेर आली.

"श्रीपतराव, गाडी इकलाव का?"

"न्हाई."

"सुनबाईनं ठोकली का?"

"न्हाई! लायसन संपलंय."

"कुनाचं?"

ट्रॅक्टरच्या आवाजात मला हे ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं. पल्लवी मागच्या गाडीत पदर तोंडावर धरून बसली होती. मला वाटलं, लाजेनं रडत असेल. घरी आल्यावर कळलं की ती हसत होती.

गुरुपादय्यांनी चष्मा काढला. "वरीस उलटल्यावर नुस्तं नवं करून मिळत न्हाई. तुमाला परत परीक्षा द्यावी लागंल. पयल्यापासनं. शिकाऊ काढा."

"मी? शिकाऊ?"

"कायद्याला मादन हिप्परग्याचा चिखल ठाऊक न्हाई," ते म्हणाले. किस्सा त्यांच्यापर्यंत पोचला होता.

डॉक्टरचा दाखला झाला. संगणकावर रस्त्याच्या खुणांची परीक्षा असते, तिचा अभ्यास पल्लवीनं घेतला. रोज संध्याकाळी स्वयंपाक करता करता ती मोबाइल माझ्यासमोर धरायची.

"हे काय, मामा?"

"उंट."

"उंट कशाला असंल? पुढं रस्ता उंचसखल हाय."

"मग तसं लिवायचं की. चित्र कामून काढलेत?"

"शाळेत असं बोलला असता तर कोपऱ्यात उभं केलं असतं."

मी पास झालो. घरात आता दोन शिकाऊ झाले आणि शिकवणारा एकही नाही. उरला हरिओम. त्याच्याकडे परवाना आहे. तो प्रत्येक रविवारी यायला लागला आणि आपल्या बायकोच्या शेजारी बसून जायला लागला. नवऱ्यानं बायकोला गाडी शिकवू नये, असा कायदा करायला पाहिजे. दोघं जाताना हसत जायचे आणि येताना तोंड फिरवून उतरायचे.

"अण्णा, हिला म्हनावं, आरशात बगत जा."

"मामा, ह्यांना म्हनावं, आरसा मला दिसायलाय, तोंड बंद ठेवा."

मी अंगणात खुर्ची टाकून बसलेला असायचो आणि निरोप इकडून तिकडे द्यायचो. हे काम शारदानं किती वर्षं केलं असेल, आणि एकदाही कंटाळली नाही, हे मला तेव्हा कळलं. मी दुसऱ्या रविवारीच कंटाळलो.

मे महिना आला. कोहिनूरच्या खोलीवाल्याचा निरोप आला, सोमवारपर्यंत नक्की सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे. आमची परीक्षा आधीच्या शुक्रवारी. विजयश्रीनं खोलीला खिडकी आहे का, असं विचारलं. पल्लवी म्हणाली, "पास झाले तर गाडी, न्हाई तर खोली." आणि पोळ्या लाटत राहिली. मी ताटातलं काही न बोलता संपवलं. त्या दिवशी बोलायला येत असूनही बोललो नाही.

शुक्रवारी हरिओमनं रजा घेऊन आम्हाला मैदानावर नेलं. पल्लवीचा नंबर आधी. परीक्षा घेणारे साहेब तिच्या शेजारी बसले, आणि मी तारेच्या कुंपणाबाहेर. चढावर गाडी थांबवून परत उचलायची होती, ती उचलली. आठाच्या आकारात फिरवायची होती, फिरवली. मग उलटी घ्यायची होती, दोन्हीकडं खुंट्या. माझ्या हातात कुंपणाची तार होती, ती मी डावीकडे वाकवत होतो. हरिओम म्हणाला, "अण्णा, तार सोडा." गाडी एकाही खुंटीला न लागता सरळ मागं आली. गुरुपादय्या माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "एवढी सफाईनं उलटी न्यायला कुटं शिकली?" मी म्हणालो, "बाहेर."

पल्लवी पास झाली. उतरून माझ्याकडे आली, वाकून पाया पडली. मग हरिओमच्या खिशातला मोबाइल काढून तिथंच खोलीवाल्याला फोन लावला. "खोली नगं," ती म्हणाली. "न्हाई, दुसरी बघितली न्हाई. आमचं घर हाय."

मला घाम पुसायला रुमाल सापडेना. त्यातच माझा नंबर पुकारला.

माझ्या परीक्षेबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. साहेब वयानं लहान होते आणि फार अदबीनं बोलत होते. पहिल्याच वळणावर मी खिडकीतून हात बाहेर काढला.

"काका, इंडिकेटर?" साहेब म्हणाले.

"हात दाखवला की."

"गाडीला इंडिकेटर हाय ना?"

"हाताचं लांबनं दिसतंय, साहेब."

कुंपणापलीकडून पल्लवी ओरडली, "मामा! इंडिकेटर लावा! उजवीकडचा दांडा!" सगळं मैदान वळून बघायला लागलं. साहेबांनी काच खाली केली आणि म्हणाले, "म्याडम, भाइरनं सांगायचं न्हाई." मी घाईत डावीकडचा दांडा ओढला. पाणी येऊन समोरची काच धुतली गेली.

मी नापास झालो.

आता जून संपत आला. पल्लवी रोज सकाळी गाडी घेऊन कोहिनूरला जाते आणि संध्याकाळी येते. रविवारी गाडी माझ्याकडे असते. पुढं 'एल', मागं 'एल', शेजारी परवानावाली पल्लवी. विजयश्रीला लक्ष्मम्मांकडे ठेवावं लागतं, कायदा आहे. लक्ष्मम्मा म्हणतात, एकदा तरी मला मागं बसू द्या. गुरुपादय्या भेटले की विचारतात, परत परीक्षेची तारीख कधी घेणार? मी पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. मागच्या महिन्यातही असंच म्हणालो होतो.

परवा आम्ही हळ्ळीखेडला निघालो होतो. पल्लवी शाळेतलं सांगत होती. हेडमास्तरांनी फुलझाडांना पाणी घालायची पाळी लावली आहे आणि पोरं फुलझाडं सोडून एकमेकांनाच पाणी घालतात. मग शारदाच्या हाताच्या शेंगदाण्याच्या चटणीचा विषय निघाला, तिच्यात लसूण आधी कुटायचा का नंतर, यावर आमचं जमेना. रस्ता मोकळा होता. मागून दोन टमटम आम्हाला ओलांडून गेल्या.

"मामा, किती येळ तिसऱ्यातच चालवायलाव?" पल्लवी म्हणाली. "चौथा टाका की."

"कामून?" मी म्हणालो. "घाई काय हाय? तू लसणाचं सांगत होतीस."